जास्त चाललेली गाडी आणि खिशातला ओबीडी स्कॅनर – आठ महिन्यांनी लिहितोय

तर झालं असं की गाडी घ्यायची होती, बजेट तुटपुंजं होतं, आणि त्या बजेटमध्ये जरा बऱ्या बांधणीची गाडी हवी असेल तर ती दीड-दोन लाख किलोमीटर चाललेलीच मिळणार हे दोन आठवड्यांत कळून चुकलं. घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं, दुसऱ्याची डोकेदुखी विकत कशाला घेतोस वगैरे नेहमीचं. मग मी तो काडेपेटीएवढा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारं यंत्र, मागवला, तीन गाड्या तपासल्या आणि त्यातली एक घेतली. सगळ्यात जास्त चाललेली होती तीच. म्हणजे रिव्ह्यू स्कॅनरचा आहे पण गाड्यांबद्दल बोलल्याशिवाय तो लिहिता येणार नाही, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पाचात चार स्टार देतोय.

आधी वस्तूबद्दल. याच्या आत ईएलएम३२७ नावाची चिप असते, किंवा तिची नक्कल असते असं म्हणूया, कारण मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची आणि बाजारात जे ढीगभर मिळतं त्यातलं बहुतेक सगळं तिची कॉपी. गंमत म्हणजे खोक्यावर ठळक अक्षरात व्हर्जन १.५ लिहिलेलं असतं आणि मूळ कंपनीने १.५ असं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. माझ्यावरही तेच लिहिलंय. तरी काम करतो. फक्त घेताना एक बघा, साध्या ब्लूटूथवाला आयफोनला जोडला जात नाही, त्यासाठी वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्यावा लागतो. मी अँड्रॉइडवाला आहे त्यामुळे त्रास झाला नाही, फोनवर कार स्कॅनर नावाचं ॲप टाकलं, टॉर्क नावाचं ॲपपण चालतं.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात हे खुपसायचं, चावी ऑनवर फिरवायची, ॲप जोडायचं. पहिल्या वेळेला सॉकेट शोधण्यात माझी दहा मिनिटं गेली, डोकं खाली पाय वर अशी अवस्था, आणि विकणारा माणूस वर उभा राहून विचारतोय, "काय शोधताय साहेब, काही पडलं का?"

ती पहिली गाडी. मीटरवर फक्त ९६ हजार. तिन्हींत सगळ्यात कमी चाललेली, सगळ्यात चकचकीत, इंजिनसुद्धा धुवून पुसून वर काहीतरी तकाकी मारलेली. स्कॅन केलं, एकही फॉल्ट कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष) नाही. मी खूश. इथेच बरेच लोक थांबतात आणि मीही थांबणारच होतो, पण ॲपमध्ये खाली रेडिनेस मॉनिटर म्हणून एक पान असतं ते सहज उघडलं तर कॅटॅलिस्ट अपूर्ण, ऑक्सिजन सेन्सर अपूर्ण, इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) अपूर्ण, जवळजवळ सगळंच अपूर्ण.

हे काय असतं ते सांगतो कारण माझ्या मते या वस्तूचा निम्मा उपयोग इथेच आहे. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या चाचण्या घेत असतो, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालतोय का, सेन्सर बरोबर सांगतायत का वगैरे. त्या चाचण्या पूर्ण व्हायला गाडी थंड असताना सुरू व्हावी लागते, थोडा वेळ एका वेगात पळावी लागते, थोडी थांबावी लागते, सगळं जमून यायला कधी कधी आठवडाही जातो. कोणी स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसले की कोडबरोबर या चाचण्यांचा निकालही पुसला जातो. म्हणजे कोड नाहीत याचा अर्थ दोष नाही असा होत नाही, कॉम्प्युटरने अजून तपासलंच नाही असाही होऊ शकतो. पेपर कोरा आहे म्हणून पोरगं पास झालं असं थोडंच आहे.

आणि दुसरा आकडा त्याहून बोलका, कोड पुसल्यापासून किती अंतर चालली. त्या गाडीत तो आला १४ किलोमीटर. शेजारी, पुसल्यापासून इंजिन थंडचं गरम किती वेळा झालं, तर २ वेळा. म्हणजे आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी कोणीतरी सगळं साफ केलेलं.

मी विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "बॅटरी बदलली ना साहेब कालच." आता हे खोटंच असेल असं नाही, बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत हे सगळं शून्य होतं, त्यामुळे नुसत्या १४ किलोमीटरवरून कोणाला चोर ठरवू नका. पण बोनेट उघडंच होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली, क्लॅम्पच्या बोल्टवर गंज, आणि बॅटरीच्या वरच्या कडेला इतका जुना मातकट थर की बोटाने नाव लिहिता आलं असतं. सगळं इंजिन धुतलं आणि नेमकी बॅटरीच राहिली होती. मी काही बोललो नाही, त्यानेही माझ्या नजरेच्या दिशेने बघितलं, आणि आमची भेट संपली. जाता जाता पॅडल बघितले, ब्रेकचं रबर नवंकोरं आणि शेजारचं क्लचचं झिजून पार गुळगुळीत. ९६ हजारावर माझा विश्वास तिथेच उडाला.

(मीटर मागे फिरवलंय का हे हा स्कॅनर सांगत नाही बरं का, हे नीट लक्षात घ्या. काही गाड्यांत इतर मॉड्यूलमध्ये किलोमीटर साठवलेले असतात पण ते वाचायला त्या त्या कंपनीचं भारी उपकरण लागतं. तुमच्याआमच्यासाठी सर्व्हिसची बिलं, पॅडल, स्टिअरिंगची झीज आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड एवढंच.)

दुसरी गाडी १ लाख ४२ हजार. इथे स्कॅनरने जे केलं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. आमचे मिस्त्री, ज्यांना मी तिन्ही गाड्यांना सोबत ओढत नेलं, त्यांनी आधीच बजावलं होतं की इंजिन थंडच बघायचं, आपण पोचायच्या आधी चालू केलेलं असेल तर परत यायचं. मी फोनवर तसं सांगूनही ठेवलं होतं. पोचलो, विकणारा म्हणाला सकाळपासून हातसुद्धा लावला नाही गाडीला. मी सॉकेटमध्ये स्कॅनर लावला, चावी ऑन केली, इंजिन चालू न करता. बाहेरच्या हवेचं तापमान २४ अंश आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, ६१. रात्रभर उभी असलेली गाडी असेल तर कूलंट, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा सगळं दोनचार अंशांच्या फरकाने सारखंच हवं ना. मिस्त्रींना स्क्रीन दाखवली तर त्यांनी फोनकडे ढुंकूनही बघितलं नाही, बोनेटवर तळहात टेकवला आणि म्हणाले, "ते मला इथेच कळलं."

ठीक आहे, एक स्टार त्यांनाच द्यायला हवा.

तरी आम्ही भांडलो नाही, उद्या सकाळी सहाला येतो म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी खरंच थंड इंजिन मिळालं, बहुतेक त्या माणसाला वाटलं असावं आम्ही येणारच नाही. मी चावी फिरवली, मिस्त्री सायलेन्सरच्या मागे उकिडवे बसले. सुरू होताच तीनेक सेकंद पुढून खडखड, लोखंडी डब्यात साखळी हलवावी तशी, मग बंद. मागे निळसर धुराचा एक लोट, तोही दहा सेकंदांत विरला. त्यानंतर गाडी इतकी गोड चालली की विचारू नका. आयडल स्थिर, स्कॅनरवर एकही कोड नाही, सगळे मॉनिटर पूर्ण, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमीजास्त करतोय तो आकडा) दोन-तीन टक्क्यांत. स्कॅनरच्या हिशोबाने ठणठणीत.

मिस्त्रींचं म्हणणं, खडखड म्हणजे टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी इंजिनातली साखळी) सैल पडलीय किंवा ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये ऑइलचं प्रेशर यायला वेळ लागतोय, आणि निळा धूर म्हणजे रात्रभरात व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली उतरलंय. दोन्ही गोष्टी सहसा थंड इंजिनवरच दिसतात, आणि म्हणूनच आदल्या दिवशी गाडी गरम करून ठेवलेली. चेनचं काम म्हणजे इंजिनचा पुढचा भाग उघडणं आलं. सोडली. (धुराचं थोडक्यात, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा दाट धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट आत शिरतंय, तिथून पळा. थंडीत सुरुवातीला निघते ती नुसती वाफ असते, तिला घाबरू नका.)

म्हणजे बघा, पहिल्या गाडीत स्कॅनर नसता तर मी फसलो असतो, आणि दुसऱ्या गाडीत नुसता स्कॅनर असता तर फसलो असतो.

आता तिसरी. २ लाख १० हजार किलोमीटर, आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा चक्क पेटलेला. मी गाडीत बसायच्या आधीच मालक म्हणाले, "दिवा दोन महिने झाले लागलाय, थर्मोस्टॅट सांगितलाय, मी केलेला नाही, किमतीत धरा." वयस्कर गृहस्थ, रोज हायवेने कामावर जाणारे, हातात बिलांची जाडजूड फाइल. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

स्कॅन केलं तर कोड पी०१२८, म्हणजे कूलंट हवं तेवढं तापत नाही, थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारी झडप) उघडाच अडकल्याचं नेहमीचं लक्षण. दिवा लागल्यापासून चाललेलं अंतर २,३०० किलोमीटर, त्यांच्या दोन महिन्यांच्या हिशोबात बरोबर बसणारं. आणि कोड पुसल्यापासूनचं अंतर ४१,३०० च्या आसपास. मी म्हटलं हा आकडा कुठून आला असेल, म्हणून फाइल चाळली तर बॅटरी बदलल्याचं बिल, त्यावर किलोमीटर १,६८,७००. वजाबाकी तुम्हीच करा. माझ्या अंगावर काटा आला खरं सांगतो, कारण तोपर्यंत मला वाटत होतं की हे यंत्र गाडी तपासायला आहे, आणि तिथे बसल्या बसल्या कळलं की मी तीनही वेळा याने गाडीपेक्षा विकणाऱ्याचं बोलणं तपासत होतो. पहिला म्हणाला बॅटरी बदलली, दुसरा म्हणाला हात लावला नाही, तिसरे म्हणाले दोन महिने. तिघांपैकी एकाचंच गाडीच्या आठवणीशी जुळलं.

टेस्ट ड्राइव्हला हायवेवर घेतली तर कूलंट ७० च्या वर जाईना, बहुतेक गाड्यांत ९० च्या आसपास असायला हवं. आयडलला फ्युएल ट्रिम अधिक सहा, म्हणजे कॉम्प्युटर सहा टक्के जास्त पेट्रोल घालतोय, दहाच्या आत असलं की सहसा चिंता नसते. अडीच हजार आरपीएमला दोनवर आला. हे आयडलला जास्त आणि वेग वाढवला की कमी असं झालं तर कुठेतरी बारीक हवा ओढली जातेय, कुठलातरी चिरलेला व्हॅक्यूम पाइप असतो बहुतेक वेळा. उलट झालं, म्हणजे जोर दिला की ट्रिम वाढायला लागला, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवेच्या सेन्सरवर संशय घ्यायचा. बॅटरीचं व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.५, चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर बरा.

फाइलमध्ये टायमिंग बेल्ट (काही इंजिनांत चेनऐवजी असतो तो पट्टा) दोनदा बदललेला, ९० हजारला आणि १ लाख ८० हजारला, दुसऱ्या वेळी वॉटर पंपासकट. हे वाचून मी निम्मा निर्णय घेतला. बेल्टचं इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला, मालक शपथा घेत असला तरी. कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन एका सेकंदात भंगार होतं, आणि त्याची आगाऊ सूचना कुठलाही स्कॅनर देत नाही.

किलोमीटरच्या आकड्याबद्दल एक हिशोब मिस्त्रींनी तिथेच बोटांवर करून दाखवला तो लिहितो. २ लाख १० हजार किलोमीटर ताशी ६० च्या सरासरीने चालली तर इंजिन साडेतीन हजार तास चाललं. आणि एखादी गाडी फक्त १ लाख चालली पण सगळी गर्दीत, ताशी २० च्या सरासरीने, तर पाच हजार तास. शिवाय गर्दीतली गाडी म्हणजे क्लच, ब्रेक आणि दर दहा मिनिटांनी बंद-चालू. मीटर हे काही सांगत नाही. तरी याचा अर्थ हायवेची गाडी म्हणजे नवी असा नाही, सस्पेन्शनची रबरं आणि बेअरिंगं किलोमीटर मोजतातच, आणि ते मला पुढे चांगलंच कळलं.

शेवटी मिस्त्रींनी प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघितलं. मालकांनी परवानगी दिली हेच खूप, पहिल्या दोघांनी दिलीच नसती. चारही सिलिंडर १६८ ते १७५ पीएसआयमध्ये. आकडा किती यापेक्षा चारींत फरक किती ते बघायचं, दहा टक्क्यांच्या आत असला की छान. एखादं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजतात, वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढलं तर बहुतेक व्हॉल्व्ह. प्लगसुद्धा चारही सारखे फिकट तपकिरी. ऑइल कॅपच्या आत मात्र दुधाळ पिवळी साय होती थोडी, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण, ते बघून माझ्या पोटात गोळा आला, पण मिस्त्री म्हणाले इंजिन नीट तापतच नाहीये तर आतलं पाणी उडणार कसं, डिपस्टिक बघ, कूलंटच्या टाकीत बघ. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, टाकीत तवंग नाही. हेड गॅस्केटची (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या सीलची) भीती तिथे संपली.

घेतली. पहिल्याच आठवड्यात थर्मोस्टॅट बदलला, तापमान काही मिनिटांत ९० वर जाऊन चिकटलं, कोड मी स्वतः पुसला (आता मीसुद्धा कोड पुसणाऱ्यांत), आणि मायलेज जाणवेल इतकं सुधारलं. कॅपखालची सायही महिन्याभरात गेली.

आता कापलेल्या स्टारचं. चौथ्या महिन्यात मागच्या उजव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, व्हील बेअरिंग. खरं सांगायचं तर टेस्ट ड्राइव्हलाच तो आवाज बारीक येत होता, पण मी डोळे फोनच्या स्क्रीनवर लावून ट्रिमचे आकडे बघत बसलो होतो आणि मला वाटलं टायरचा असेल. मिस्त्री मागे बसले होते, ते म्हणतात मी बोललो होतो तुला, तू ऐकलं नाहीस. असेल. यात स्कॅनरचा दोष किती आणि माझा किती ते तुम्ही ठरवा, पण हातात आकडे दाखवणारं काही असलं की कान बंद होतात एवढं नक्की. पुढच्या वेळी मी गाडी चालवणार आणि फोन दुसऱ्याच्या हातात देणार.

शिवाय हे स्वस्तातले स्कॅनर मुख्यतः इंजिनचं वाचतात, एबीएस आणि एअरबॅगचं माझ्या गाडीत तरी काही दिसत नाही. त्यावर फुकटचा उपाय, चावी ऑनवर फिरवल्यावर एबीएस आणि एअरबॅगचे दिवे आधी पेटतात का आणि मग विझतात का ते बघा. पेटलेच नाहीत तर कोणीतरी बल्ब काढलाय किंवा मागून टेप लावलीय असा संशय घ्या. गंज, क्लच, गिअर टाकताना होणारी करकर, अपघातानंतर ठोकून सरळ केलेली बॉडी, यातलं काहीही स्कॅनर सांगत नाही, त्यासाठी गाडीखाली झोपावंच लागतं.

आणि एक वैताग, सॉकेटच्या एका पिनेला बॅटरीचा करंट कायम चालू असतो, त्यामुळे स्कॅनर लावून ठेवला तर तो रात्रंदिवस थोडा थोडा करंट खात राहतो. गाडी दहा दिवस उभी होती, मी विसरलो काढायला, अकराव्या दिवशी चावी फिरवली तर नुसतं टकटक. कनेक्शनही कधी कधी मध्येच तुटतं, परत जोडावं लागतं.

सध्या मीटर २ लाख २१ हजारच्या पुढे गेलंय, दोन सर्व्हिसच्या मध्ये अर्धा लिटर ऑइल वर घालावं लागतं, या वयाला चालायचंच. स्कॅनर गेल्या आठवड्यात मेहुणा घेऊन गेला, त्याला एक १ लाख ६० हजारवाली बघायची आहे. त्याला सांगून पाठवलंय की सॉकेट शोधत बसायच्या आधी बोनेटला हात लावून बघ. स्कॅनर परत मिळेल असं काही वाटत नाही.